अर्धी काच

रस्ता रुंद करायला घेतला तेव्हापासून गावात कोणाला धड दिसेनासे झाले. आधी कडेची झाडे गेली. मग वाऱ्याला अडवणारे काही उरले नाही, आणि खडीच्या यंत्रातून उडणारी पांढरी धूळ थेट घरांत, अंथरुणांत, पाण्याच्या भांड्यांत, म्हाताऱ्यांच्या खोकल्यांत येऊन बसू लागली. ही धूळ ज्याच्या पथ्यावर पडावी असे घर गावात एकच होते. रस्त्याला लागून चार लाकडी खांबांवर पत्रे टाकलेली शेड, मागे दोन खोल्या, आणि दर्शनी खांबाला टांगलेली पाटी : ‘गाडीचे दिवे उजळून मिळतील.’ परंतु दैव एका हाताने देते तेव्हा दुसऱ्या हाताने खूण करून ठेवते. मोजणीवाल्यांनी त्याच खांबाच्या मागे, खोलीच्या भिंतीवर, लाल रंगाचा एक फराटा ओढला होता. फराट्याच्या अलीकडचे सारे रस्त्याचे, असा त्याचा अर्थ. अलीकडे सबंध शेड होती.

धंदा म्हाताऱ्याचा, हात थोरल्या सुनेचे. पंधरा वर्षे ओल्या पॉलिश पेपराने काच घासून तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या. ओळखपत्राच्या कचेरीतल्या यंत्राने तिचा अंगठा तीनदा नाकारला, तेव्हा तिथला कारकून म्हणाला होता, “बाई, यंत्राच्या मते तुम्ही नाहीच.”

“मग सकाळपासून रांगेत कोण उभं होतं?” थोरलीने विचारले होते. या प्रश्नासाठी कचेरीत खिडकी नव्हती.

काच म्हणायची पद्धत, इतकेच. गाड्यांचे दिवे आता प्लास्टिकचे असतात. काच फुटते, पण आंधळी होत नाही. प्लास्टिक फुटत नाही. ते उन्हाने पिवळे पडते, धुळीने चरे घेते, पांढुरके होत होत आंधळे होते, आणि आंधळे झाल्यावरही जागच्या जागी ऐटीत बसून राहते. हा गुण माणसांत आला की त्याला अनुभव म्हणतात.

म्हाताऱ्याची एक रीत होती. दिव्याच्या मधोमध चिकटपट्टी लावायची. पट्टीच्या एका बाजूचा भाग उजळायचा, दुसऱ्या बाजूचा होता तसाच सोडायचा. मग मालकाला बोलवायचे. मालकाने गाडीपुढे उकिडवे बसायचे, दिवा डोळ्यासमोर घ्यायचा, दोन्ही बाजू बघायच्या आणि तोंडाने ‘कर’ म्हणायचे. त्याशिवाय पट्टी निघत नसे. गिऱ्हाइके घाईत असत, वैतागत. म्हातारा ऐकत नसे.

“आपला दिवा आंधळा झालाय हे माणसाला कळतच नाही,” तो म्हणे. “रोज थोडा थोडा होतो ना. अर्धा डोळस करून समोर धरला की मग बोलती बंद होते.”

त्या वर्षीच्या कोरड्या थंडीत त्या घरावर जे आले ते थोडक्यात असे. धाकटा दीर रस्त्याच्या कामावर होता. दिवस मावळताना कामाच्या जागेभोवती मांडलेले रंगीत दगड उचलून कडेला नेणे हे त्याचे शेवटचे काम. एके दिवशी तो असाच दोन्ही हातांत दोन दगड घेऊन ओणवा झालेला असताना ठेकेदाराची गाडी आली. गाडी स्वतः ठेकेदार चालवत होता. दिवे लागलेले होते. धाकट्याला ते दिसले. ठेकेदाराला धाकटा दिसला नाही. कमरेचे हाड मोडले, मांडीचे दोन ठिकाणी. तीन आठवडे तो शेडच्या दाराशी खाटेवर पडून होता, कारण आतल्या खोलीत वळवून ठेवायला जागा नव्हती, आणि तसेही, रस्त्याकडे तोंड करून पडण्याची त्याला खोड होती.

ठेकेदाराने एक कागद लिहून आणला होता. ‘मी अंधारात रस्त्याच्या मधोमध उभा होतो. मी पिवळे जाकीट घातले नव्हते.’ दुसरे वाक्य खरे होते. पिवळी जाकिटे ठेकेदाराच्या कोठारात पेटीबंद होती. तपासणीच्या दिवशी ती निघत आणि संध्याकाळी मोजून परत जात. धाकट्याने कागदावर सही केली नाही. तेव्हा चौकशी लागली. गुरुवारी सरकारी तपासनीस येऊन गाडी बघणार होता. गाडीत दोष निघाला तर धाकट्याचे औषधपाणी आणि नोकरी ठेकेदाराच्या गळ्यात. न निघाला तर धाकटा स्वतःच्या चुकीने पडला, आणि जो स्वतःच्या चुकीने पडतो त्याला उठवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

मंगळवारी दुपारी ती गाडी शेडपुढे येऊन उभी राहिली.

ड्रायव्हर उतरला. एरवी बडबड्या माणूस. आज त्याने किल्ली दोन बोटांत धरून अशी पुढे केली, की जणू मेलेला उंदीर. “दिवे उजळायचेत,” तो म्हणाला. “गुरुवारी सकाळपर्यंत. शेठ म्हणाले, घरचंच काम आहे.”

“घरचंच आहे,” धाकटा खाटेवरून म्हणाला. “घरातल्या माणसाची ओळखही आहे दिव्यांशी.”

ड्रायव्हरने मान खाली घातली. “माझ्यावर कशाला चिडतोस? मी त्या दिवशी गाडीत नव्हतो.”

“तेच तर. तू असतास तर मी चालत फिरलो असतो. तू खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवतोस.”

हे खरे होते, आणि ड्रायव्हरला ते कसे खरे आहे हेही ठाऊक होते. तो किल्ली पाण्याच्या बादलीशेजारी ठेवून चालत निघून गेला.

थोरली गाडीपुढे बसली. तिने अंगठ्याने डाव्या दिव्यावरून एक रेघ ओढली. धूळ निघाली, पिवळेपण तसेच राहिले. आतला बल्ब दिसत नव्हता. पंधरा वर्षांत तिने पुष्कळ दिवे पाहिले होते. हा दिवा मोतीबिंदूच्या पलीकडे गेला होता, उकडलेल्या अंड्यासारखा.

“त्याला सांगा, नाही जमणार म्हणून,” ती सासऱ्याला म्हणाली. “मामंजी, हा दिवा असाच राहायला हवा गुरुवारपर्यंत. आपण हात लावला की आपल्याच हातानं आपल्या माणसाला खोटं पाडलं.”

उत्तर संध्याकाळी आले, थोरल्याच्या तोंडून. थोरला, तिचा नवरा, त्याच रस्त्यावर रोलर चालवी. दिवसभर रोलरच्या धक्क्यांनी हादरलेले त्याचे अंग घरी आल्यावरही तासभर थरथरे. पाण्याचा पेला तो दोन्ही हातांनी धरी.

“करून टाका,” तो म्हणाला.

“काय?”

“दिवे. करून टाका. शेठनं बाजूला बोलावून घेतलं आज. खांद्यावर हात टाकला. म्हणाला, भिंतीवरचा फराटा पुसायला काय लागतं? ओलं फडकं. आणि रोलरवर बसायला माणूस शोधायला काय लागतं? तेही नाही.”

“खांद्यावर हात टाकला, आणि तू खांदा दिलास,” धाकटा म्हणाला.

“तू गप पड!”

“पडलोच आहे की.”

थोरल्याने पेला खाली ठेवला. तो रागावला की त्याचा आवाज चढत नसे, बारीक होई. “तुझी कंबर गेलीच आहे. आता शेड जाईल, माझं काम जाईल. मग सगळ्यांनी तुझ्या खाटेवर चढून बसायचं? पुरेल का खाट?”

बाहेर खडीचे यंत्र थांबले होते, तरी धूळ खाली यायची होती. मग धाकट्यानेच तोंड उघडले, आणि तेही भावाकडे न बघता.

“कर वहिनी.”

“भाऊजी, काय बोलताय?”

“कर. मामला काय आहे तो मला तरी बघू दे. मी तो दिवा समोरून पाहिलाय, पण उजेडात नाही पाहिला. किती आंधळा होता ते अर्धा उजळल्याशिवाय मला कसं कळणार?”

म्हाताऱ्याने हे ऐकले, आणि प्रथमच मान वर केली. “रीत रीतीसारखी होईल,” तो म्हणाला. “अर्धा करू. मालकाला बोलावू. तो बसून बघेल, ‘कर’ म्हणेल, मग पुढचं.” यात त्याने एक शब्दही नवा घातला नव्हता. तरीही थोरलीला उगाच वाटले, की म्हातारा आपल्या रीतीच्या आड जाऊन उभा राहिला आहे. जसे पावसात माणूस परक्याच्या ओसरीवर उभे राहते, मालकाने हाकलेपर्यंत.

बुधवारी सकाळी तिने काम धरले. दिव्याभोवतीच्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावली, आणि दुसरी पट्टी दिव्याच्या बरोबर मधून, वरून खाली. मग बादलीत चारशे नंबरचा, सगळ्यांत खरखरीत पेपर बुडवला. पाण्याने बोटांची हाडे दुखत होती. पहिल्या शंभर हातांपर्यंत दिवा उजळत नाही, उलट दुधासारखा पांढरा होतो. नवखे गिऱ्हाईक इथेच ओरडते. हात आडवे जातात, मग उभे. पाणी सतत सुटत राहावे लागते, कारण पेपर कोरडा पडला की काच ओरखडते. पट्टीच्या कडेने पाणी गळू लागले. ते पिवळे होते, चिघळलेल्या जखमेतून निघावे तसे. ते बंपरवरून ओघळले, आणि बंपरच्या डाव्या कोपऱ्यात जिथे एक बोटभर खोच पडली होती, तिथे साचून राहिले. ती खोच पडण्याचे कारण खाटेवर पडून ते पाणी बघत होते.

“दुखतंय का फार?” तिने न वळता विचारले.

“खोचेला?” तो म्हणाला.

आठशे नंबर. हजार. दोन हजार. प्रत्येक पेपरानंतर ती दिवा पुसे, ओठ जवळ नेऊन फुंकर घाली आणि तिरक्या नजरेने उन्हात बघे. आधीच्या पेपराचा एक चरा जरी राहिला तरी पुढचा पेपर तो लपवत नाही, फक्त चमकवतो. तीन हजारांपर्यंत खांदे भरून आले. राग असा होता, की हात वाईट चालायला हवे होते. ते वाईट चालेनात. पंधरा वर्षांच्या सवयीला राग कळत नाही. ती हाताला नेमके तेच करायला लावते, जे तिला चांगले करता येते. थोरलीला याची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच तिने कडेचा राहिलेला एक चरा शोधून काढला.

दुपारपर्यंत बफिंगचे मऊ चाक फिरवून, चकाकीचे मलम पुसून झाले. पट्टीच्या उजवीकडचा अर्धा भाग असा झाला, की तिथे काही नाहीच असे वाटावे. आतला बल्ब, त्यामागची चकचकीत वाटी, वाटीत गाडीपुढे बसलेल्या बाईचे इवलेसे उलटे तोंड, सगळे दिसत होते. आणि पट्टीच्या डावीकडे तेच उकडलेले अंडे. आधी दोन्ही बाजू सारख्या असताना तो दिवा म्हणजे एक जुना दिवा होता. आता तो पुरावा झाला होता. तिने खाट ओढून जवळ घेतली, उशी उंच केली. धाकटा कोपरावर उठला आणि बघत राहिला.

“अरे,” तो म्हणाला. नुसते ‘अरे.’ मग पुष्कळ वेळाने, “मला वाटत होतं, त्यानं बघून गाडी घातली. मनात तेच धरून पडलो होतो. त्याला दिसलोच नव्हतो मी.”

“बरं वाटलं?”

“नाही. राग धरायला निदान माणूस होता. आता काय धरू? प्लास्टिक?”

“दिवा उजळून घ्यायला माणूसच लागतो,” थोरली म्हणाली. “आणि न घ्यायलाही.”

तिने मालकाला निरोप धाडला. निरोप घेऊन गेलेला ड्रायव्हर तासाने परत आला. “शेठ म्हणाले, बघायचं काय त्यात? करून टाका सगळं.”

“बघितल्याशिवाय नाही,” म्हातारा म्हणाला.

“आजोबा, ते इथं येऊन उकिडवे बसतील असं वाटतं तुम्हाला?”

“इथं डॉक्टर बसलेत. शाळेचे मोठे गुरुजी बसलेत. गुडघे सगळ्यांनाच असतात.”

ड्रायव्हर हसू दाबत परत गेला. संध्याकाळी पुन्हा आला. या वेळी हसू नव्हते. “आजोबा, ते चिडलेत. फराट्याचं बोलत होते.” म्हातारा पेपरांच्या वापरलेल्या तुकड्यांची नंबरवार चळत लावत बसला होता. ती चळत दोनदा चुकली. दिवा रात्रभर पट्टीसकट तसाच राहिला.

गुरुवारी तपासनीस लवकर आला. ठेकेदार त्याच्याबरोबर होता, आणि धमकीनंतर काम झाले असणार या खात्रीने त्याने त्याला थेट शेडवरच आणले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ज्यांचे हात कोणी धरत नाही त्यांना अवलक्षणाची चिंता करावी लागत नाही. रस्त्यावरची टोळी कामाला लागत होती. पिवळी जाकिटे आज सगळ्यांच्या अंगात होती, घड्या न मोडलेली. थोरल्याने रोलर शेडसमोर आणला, आणि समोरचे पाहून थांबवला.

तपासनीस किडकिडीत, बुटांना पॉलिश, हातात फळीला लावलेला छापील कागद. तो गाडीपुढे आला आणि उभाच राहिला.

“हे अर्धंच का?”

“रीत आहे साहेब,” म्हातारा म्हणाला, आणि रीत सांगितली. आवाजात कापरे होते. पण रीत इतक्यांदा सांगितलेली होती, की ती आपली आपण बाहेर आली. “खाली बसून बघावं लागतं.”

तपासनीस नोकरीपुरता मेलेला होता. सगळा मेला नव्हता. त्याने खिशातला रुमाल जमिनीवर पसरला, त्यावर एक गुडघा टेकला आणि दिव्यासमोर तोंड नेले. आधी उजवीकडून पाहिले. मग डावीकडून. मग त्याने नकळत ते बोट पुढे केले, जे त्या दिव्यापुढे प्रत्येकजण करतो, आणि पिवळ्या भागावर टेकवले.

“बाप रे,” तो म्हणाला. “या बाजूनं तर बल्बसुद्धा दिसत नाही. पुढचं माणूस काय दिसणार?”

हे सगळ्यांनी ऐकले. म्हाताऱ्याने ऐकले, टोळीतल्या पुढच्या सात-आठ जणांनी ऐकले, आणि खाटेवरच्या माणसाने डोळे मिटून घेतले. तीन आठवड्यांत प्रथमच कोणीतरी कळ थांबवावी तसे.

“साहेब,” ठेकेदार मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, “दिवे लागतात का नाही, एवढंच बघायचंय ना? ड्रायव्हर, लाव.”

ड्रायव्हरने दिवे लावले. दिवसाच्या उजेडात ते लागले हे कळायला तपासनिसाला पुन्हा थोडे वाकावे लागले. मग तो उठला. रुमाल झटकला, त्याची घडी केली, गुडघा झटकला. फळीवरच्या कागदावर त्याने बोट खाली खाली नेले. ‘दिवे’ या शब्दापुढे दोन चौकोन होते. एकापुढे ‘चालू’ लिहिले होते, दुसऱ्यापुढे ‘बंद’. त्याने पहिल्यात खूण केली.

“साहेब,” खाटेवरून आवाज आला. “आत्ता काय म्हणालात तुम्ही?”

तपासनिसाने तिकडे पाहिले. या प्रकरणातला जखमी इसम हाच, हे त्याला आता कळले असावे. “मी आपलं असंच म्हणालो.”

“तेच लिहा ना. असंच.”

“त्याला रकाना नाही,” तपासनीस म्हणाला. त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. उलट एक प्रकारचा खेद होता, आणि तो खरा होता. जगातली पुष्कळशी दुष्टाई असल्या खऱ्या खेदानेच पार पाडली जाते. तो घाईने आपल्या गाडीकडे गेला, आणि जाताना खाटेला वळसा घालून गेला.

धूळ खाली बसल्यावर ठेकेदाराने शेडकडे मोहरा वळवला. तो आता खुशीत होता. “चला, झालं. उरलेलंही उरकून टाका. असली अर्धवट गाडी घेऊन मी फिरू का? लोक हसतील.” त्याने भिंतीवरच्या फराट्याकडे पाहिले, मग म्हाताऱ्याकडे. “सांगून ठेवतो मोजणीवाल्यांना. रेघ काय, जरा पुढेमागे होते.” तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला, आणि तो वळून कुठल्याशा डांबराबद्दल बोलू लागला.

तेव्हा थोरलीने जे पाहिले ते तिला पुढे कधी विसरता आले नाही. म्हातारा उठला. त्याने बादलीतला चारशेचा पेपर उचलला, पिळला, आणि गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत गाडीपुढे बसला. वीस वर्षांत न मोडलेली रीत तो मोडायला निघाला होता, आणि त्याचे डोळे दिव्यावर नव्हते, शेडच्या चार खांबांवर होते. ते त्याने स्वतः पुरले होते. पट्टीचे टोक त्याने नखाने उचकटले.

थोरलीने त्याच्या हातावर हात ठेवला. दोघांचीही बोटे गुळगुळीत, ओली. हात निसटत होता, म्हणून तिने मनगट धरले.

“मामंजी, मालकानं बघितलं नाही अजून.”

“पोरी, जाऊ दे.”

“नाही बघितलं.”

ठेकेदाराने मोबाइल कानापासून दूर केला. “काय म्हणते?”

“तुम्ही दिवा बघितला नाही, म्हणते.”

“बघितला, बघितला. कर.”

“असा नाही. बसून. साहेब बसले तसं.”

आता कोणी काम करत नव्हते. रोलर घरघरत होता, त्यावर थोरला दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता, आणि त्याचे तोंड असे झाले होते, की पत्नीला गप्प करावे की तिच्या पायांवर पडावे हे त्याला ठरवता येत नव्हते. ठेकेदाराने गाडीच्या पुढच्या त्या चार पावलांच्या जागेकडे पाहिले. तिथे पिवळट पाण्याचा डाग वाळला होता.

“मी? तिथं बसू?”

“भिऊ नका,” थोरली म्हणाली. “तिथं उभं राहणाऱ्याचं काय होतं ते आमच्या घरात पडलंय. पण आत्ता गाडी बंद आहे.”

टोळीत कोणीतरी फुसकन हसले, आणि लगेच खोकला काढला. धूळ होतीच, खोकल्याला निमित्त पुरेसे होते. ठेकेदाराने खोकणाऱ्याकडे वळून पाहिले. सगळेच खोकत होते.

“तुला भिंतीवरचा फराटा दिसत नाही वाटतं?”

“दिसतो की. तो कुठं आंधळा आहे?”

तो आणखी क्षणभर उभा राहिला. खाली बसायला एवढासा वेळ लागला असता, आणि ती बाई हरली असती. ‘कर’ म्हटल्यावर तिच्याजवळ न करायला कोणतीच सबब उरली नसती. पण ज्या उंचीवरून तो लोकांशी बोलत आला होता तिथून जमिनीपर्यंतचे अंतर त्याला फार वाटले. त्याने किल्ली मागितली. थोरलीने मधली पट्टी ओढून काढली, सावकाश, काचेवर गोंद राहू नये म्हणून. कडेच्याही काढल्या, चुरगाळून मुठीत घेतल्या, आणि बाजूला झाली. अर्ध्या दिव्यानिशी गाडी निघून गेली.

पुढच्या सोमवारी शेड पाडली. खांब निघाले, पत्रे निघाले, आणि मोकळी झालेली जागा दाबून घ्यायला रोलर लागला. तो कोणाला चालवायला सांगितला असेल हे वेगळे सांगायला नको. थोरल्याने चार फेऱ्या मारल्या. घरी येऊन त्याने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि जेवायला बसला नाही. शनिवारी त्याला कामावरून कमी केले. ते जागा दाबून होण्याआधी करता आले असते, पण मग दाबली कोणी असती?

“बोल मला,” तो बायकोला म्हणाला. “एकदा बोलून टाक.”

“फेऱ्या सरळ मारल्यास का?”

“हो.”

“मग झालं. वाकड्या मारल्या असत्यास तर बोलले असते.”

तो रडला ते तेव्हा.

चौकशीचा निकाल आला : दिवे चालू, इसमाची चूक. धाकटा उठला तो काठी घेऊन. डावा पाय दोन बोटे आखूड झाला होता. मागच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला, त्यांनी उरलेले पत्रे टाकले. गिऱ्हाईक आता वळसा घालून येई, म्हणून कमी येई. धाकटा स्टुलावर बसून, मोडका पाय लांब करून पेपर चालवायला शिकला. त्याचा हात प्रथम जड होता. पेपर कोरडा पडे.

“पाणी,” थोरली म्हणे.

“वहिनी, मेलेल्याला पाजत नाहीत एवढं पाणी पाजतेस तू या प्लास्टिकला.”

“मेलेलं नाहीये ते. आंधळं आहे.”

आणि ती गाडी गावागावांतून फिरत राहिली. डाव्या दिव्याचा अर्धा भाग लख्ख, बाकी दीड दिवा पिवळा. तपासणी झालेली असल्याने मालकाला दिव्यांची गरज उरली नव्हती. गाडी लांबून दिसली की रस्त्यावरची माणसे दगड टाकून कडेला होत. “अर्ध्या आला रे!” असे कोणीतरी ओरडे. आधी ते गाडीचे नाव होते. महिन्याभरात ते मालकाचे झाले, आणि मग त्याच्या तोंडावर सोडून सगळीकडे चालू लागले. ते त्याच्या कानांवर कुठे आणि कसे गेले हे कोणी पाहिले नाही. पण एक दिवस गाडीला कोरे दिवे लागले.

जुने दिवे ड्रायव्हर गोणपाटात गुंडाळून मागच्या अंगणात घेऊन आला. “फेकून दे म्हणाले,” तो म्हणाला. “मला फेकवेना.” चहाला न थांबता तो गेला.

म्हाताऱ्याने उजवा दिवा पत्र्यावर ठेवून दिला. डावा त्याने बराच वेळ मांडीवर धरला. मग भिंतीला, गिऱ्हाईक बसते त्याच्या बरोबर डोळ्यांसमोर, एक खिळा ठोकून तो टांगला. नवे माणूस आले, की बोलण्याचे काम उरत नसे. ते स्टुलावर बसे, समोर बघे, आणि आपल्या गाडीकडे वळून पाही.

वाऱ्याने दिशा बदलली त्या सुमारास एक गिऱ्हाईक आले, परगावचे. धाकटा त्याच्या गाडीपुढे बसून पेपर भिजवत होता. परगावच्याने भिंतीकडे बघून विचारले, “एवढा सुंदर उजळलाय, आणि अर्धा का सोडलात?”

धाकट्याने काठी सावरली, थोरलीकडे पाहिले.

थोरलीने हात पुसले. “मालक अजून बघायला यायचाय,” ती म्हणाली.